डिचोलीचं न झालेलं युद्ध

मालवणहून डिचोली तशी लांब नाही. कुडाळ, सावंतवाडी, बांदा करत दोडामार्ग गाठलं, की गोव्याची हद्द ओलांडली आणि आलीच डिचोली. सकाळची न्याहारी करून निघालेला माणूस जेवणवेळेच्या आत तिथे असतो. इकडच्या कितीतरी घरांची सोयरीक तिकडे आहे, आणि माशाचं कालवण दोन्हीकडे जवळपास एकाच चवीचं असतं (या वाक्यावर दोन्हीकडचे लोक भांडायला येतील, याची कल्पना आहे). इतक्या जवळच्या गावात वर्षभर युद्ध पेटलं होतं म्हणे, आणि आमच्या गजालीत त्याचा कधी उल्लेखही नाही!

इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७ मध्ये एक लेख आला. विषय होता गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४० ते १६४१ या काळात झालेला डिचोलीचा संघर्ष. साडेचार हजार शब्द, लढायांची हकीकत, शेवटी तह, आणि त्या तहामुळे पुढे गोव्याचं वेगळेपण टिकलं असा निष्कर्ष. तळाशी पुस्तकांचे हवाले. काही महिन्यांतच लेखाला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला. इंग्रजी विकिपीडियावर शंभरातल्या एका लेखालाही हा दर्जा नसतो. त्याच्या वरच्या, ‘विशेष लेख’ या पायरीवर मात्र तो अडला. डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे जवळजवळ साडेपाच वर्षांनी, लेख काढून टाकण्यात आला. कारण साधं होतं. असं युद्ध झालंच नव्हतं.

आता नुसत्या सनावळ्या बघा. १६४० साली शिवाजीराजे दहा वर्षांचे होते. मराठा साम्राज्य नावाची गोष्ट अजून जन्माला यायची होती आणि डिचोली आदिलशाहीत होती. महाराजांचा या किनाऱ्याशी संबंध आला तो पुढच्या पंचवीसेक वर्षांत. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाला नोव्हेंबर १६६४ मध्ये हात लागला. डिचोलीजवळच्या नार्वे गावातल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार महाराजांनी १६६८ मध्ये सुरू केला. तिथल्या शिलालेखात शके १५९० कोरलेलं आहे, आजही जाऊन वाचता येतं. चौथीत शिवचरित्र शिकलेल्या पोराला तो लेख वाचून दाखवला असता, तर त्याने दुसऱ्या ओळीला मान वर केली असती.

पण त्या पोराने तो लेख वाचला नाही. ज्यांनी वाचला, त्यांनी भाषा बघितली, मांडणी बघितली, प्रत्येक विधानाखाली हवाला आहे का ते बघितलं. हवाला होता. ‘चांगला लेख’ ठरवायला एक परीक्षक पुरतो, आणि त्याने ते पुस्तक कपाटातून काढून उघडलंच पाहिजे असा नियम नव्हता. शेवटी ‘शेल्फस्क्यूड’ या टोपणनावाने काम करणाऱ्या एका स्वयंसेवकाने ती पुस्तकं शोधायला घेतली. मिळेनात. ग्रंथालयांच्या याद्यांत नाहीत, कुठल्याच दुसऱ्या पुस्तकात त्यांचं नाव नाही. लेख खोटा होता तो तळापासून, म्हणजे संदर्भांपासून.

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते विकिपीडियावरून पान कसं काढलं जातं ते. डिचोलीपासून सुरुवात केली याचं कारण पुढे कळेल. तोवर एवढंच ध्यानात ठेवा, की एका खोट्या युद्धाला तिथे साडेपाच वर्षं मुक्काम मिळाला.

मराठी विकिपीडिया सुरू झाला मे २००३ मध्ये. त्यासाठी मराठी शब्द घडवणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींचे आपण आभारच मानले पाहिजेत. नवशिक्याने गिरवायची जागा म्हणजे ‘धूळपाटी’. सगळ्यांनी जमून बोलायची जागा ‘चावडी’. न कुरकुरता एकच काम हजार वेळा करणारा संगणकीय प्रोग्रॅम म्हणजे ‘सांगकाम्या’. मुद्दाम केलेली नासधूस म्हणजे ‘उत्पात’. ज्यांच्या हाती पान काढायची कळ असते ते ‘प्रचालक’, आणि एखाद्या प्रश्नावर लोकांचं मत घेतात तो ‘कौल’. या शेवटच्या शब्दाकडे कोकणातल्या माणसाने नीट बघावं. आपण त्याकडे परत येऊ.

समजा, देवबागचा एक मुलगा आहे. घर खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर, माडांत. आईने दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत, कोंबडी-वडे आणि सोलकढी तिच्या हातची. मुलगा रात्री दहाच्या सुमारास मोबाइलवर मराठी विकिपीडिया उघडतो आणि पान तयार करतो: ‘देवबागमधील सर्वात उत्कृष्ट व घरगुती निवास-न्याहारी. डॉल्फिन सफर, स्कूबा, त्सुनामी बेट. संपर्क:’ आणि पुढे दहा आकडी नंबर.

ते पान त्याच क्षणी ‘अलीकडील बदल’ या यादीत वर चढतं. ती यादी कुणीतरी बघत असतं. पुण्यातला निवृत्त अभियंता असेल, अमेरिकेत सकाळचा चहा पिणारा कुणी असेल, पगार कुणालाच नाही. तो पानाच्या माथ्यावर ‘पानकाढा’ हा साचा, म्हणजे तयार सूचनेची पाटी, चिकटवतो, तसं पान आपोआप ‘पान काढायची विनंती’ या वर्गात जाऊन बसतं. प्रचालक तो वर्ग अधूनमधून उघडतात, पान बघतात आणि ‘वगळा’ दाबतात. नोंदवहीत ओळ उमटते: अमुक प्रचालकाने, अमुक वेळी, अमुक पान वगळलं, कारण जाहिरात. मुलगा सकाळी उठून पाहतो तर पान नाही. त्याचा मित्र त्याला सांगतो, “मेल्या, फोन नंबर कित्याक घातलंस?”

मित्राचं निदान अर्धंच बरोबर आहे. नंबर नसता तरी ‘सर्वात उत्कृष्ट’ने घात केलाच असता. असं म्हणणारा पहिला माणूस मालकाच्या घरचा आहे, आणि दुसरा कुणी तसं म्हटल्याचा पुरावा नाही. अशी पानं बघताक्षणी काढायची मुभा असते, त्यांवर चर्चा लागत नाही. उघड जाहिरात, शिवीगाळ, निव्वळ नासधूस, दुसरीकडून जशीच्या तशी उतरवलेली मजकुराची चळत, अशा ठरावीक कारणांपुरतीच ती मुभा. यांत वेळ घालवला तर बाकीचं काम कधी करणार?

मात्र घाई अंगलट येते, याचाही दाखला आहे, आणि तो खाणावळीचाच आहे. सप्टेंबर २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या गुगुलेथू वस्तीतल्या ‘म्झोलीज’ या मटणाच्या दुकानावर एकाने इंग्रजी विकिपीडियात छोटं पान केलं. दुकानातच मांस निखाऱ्यावर भाजून मिळायचं, रविवारी नाचगाणी व्हायची. बावीस मिनिटांत पान उडालं. लिहिणारा होता जिमी वेल्स, विकिपीडियाचा सहसंस्थापक. मोठी वादावादी झाली, इतरांनी वर्तमानपत्रांतले संदर्भ शोधून आणले, पान परत आलं आणि टिकलं. दोन्ही बाजूंचं मला पटतं. संस्थापकाचं पान म्हणून प्रचालकाचा हात थरथरला नाही, हे चांगलंच झालं. पण बावीस मिनिटांत खाणावळीवर निकाल देणाऱ्याने तिथलं मटण कधी खाल्लेलं नसतं, हेही खरं.

देवबागच्या मुलाकडे परत येऊ. तो आता शहाणा झाला आहे. दुसरं पान तो आपल्या वाडीतल्या देवळावर करतो. जीर्णोद्धाराच्या वेळी काढलेली स्मरणिका घरात आहे, तीतली चार पानं टंकून काढतो. हेही पान जातं. स्मरणिकेतला लेख ज्याने लिहिला त्याचा त्यावर हक्क आहे, आणि आपल्या कायद्यानुसार तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. “स्मरणिका आमच्याच मंडळाची आहे, मी अध्यक्षांना विचारलंय,” हे उत्तर माणुसकीचं आहे, पण पुरत नाही. विकिपीडियावरचा मजकूर कुणीही उचलून बदलू शकतो, छापून विकूही शकतो. मालकाने त्या सगळ्याला लेखी मोकळीक दिली पाहिजे, आणि मंडळाचे अध्यक्ष तेवढ्याला तयार होतीलच असं नाही.

तिसऱ्या खेपेला तो सगळं स्वतःच्या शब्दांत लिहितो. पालखी कुठून निघते, शिमग्यात कुठल्या घरी थांबते, गुरव कोण, मानकरी कोण. सगळं खरं, डोळ्यांनी बघितलेलं. यावेळी पान लगेच जात नाही. माथ्यावर सूचना येते: उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, संदर्भ द्या. आता कौल लागतो.

कोकणात कौल कसा लावतात ते बाहेरच्यांसाठी थोडक्यात. गुरव किंवा मानकरी देवाच्या पाषाणावर फुलांच्या कळ्या किंवा तांदूळ पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे थांबतात. उजवी कळी पडली तर एक अर्थ, डावी पडली तर दुसरा. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला रामेश्वराचा कौल मिळाला, की सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. ती गावपळण. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा कुठल्या तारखेला, हेही पंचांग बघून ठरत नाही, देवीला विचारून ठरतं. या सगळ्यात हात वर करून मोजणी कुठेच नाही. शंभर माणसांना जत्रा अमक्या दिवशी हवी असली, तरी कळी पडेल तेच खरं.

विकिपीडियाच्या कौलात देव नाही, बाकी गंमत तीच आहे. मोजणीला तिथे फारसा अर्थ नाही. इंग्रजी विकिपीडियावर या चर्चेचं नाव सुरुवातीला ‘वगळण्यासाठी मतदान’ असंच होतं. २००५ मध्ये त्यातला ‘मतदान’ हा शब्द काढला, कारण त्यामुळे ही मतमोजणी आहे असा समज होत होता. आता पानावर सात दिवस चर्चा चालते. ठेवा, काढा, दुसऱ्या पानात मिसळा, दुसरीकडे वळवा, यांपैकी काहीही सुचवता येतं, पण का ते सांगावं लागतं. सात दिवसांनी चर्चेत भाग न घेतलेला प्रचालक सगळं वाचतो आणि कुठल्या बाजूची कारणं वजनदार आहेत ते ठरवतो. आपल्या देवबागच्या मुलाने वाडीतल्या वीस जणांना खाती उघडायला लावून ‘ठेवा, ठेवा’ लिहायला लावलं, तरी फरक पडत नाही. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला मागून “व्हय महाराजा” म्हणायला कितीही माणसं उभी राहोत, कळी त्यांच्या आवाजाने पडत नाही. उलट प्रचालक आकडा न पाहता खात्यांचे जन्मदिवस बघतो, आणि वीसही खाती कालच जन्मलेली निघाली तर त्याच्या मनात पाल चुकचुकते.

मराठीत हे सगळं लहान प्रमाणावर चालतं. लेख लाखाच्या घरात, प्रचालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चर्चा बहुतेक वेळा दोघातिघांत होते, कधी चर्चाच होत नाही, आणि सूचनेचा साचा पानाच्या डोक्यावर कित्येक महिने, देवळाच्या दारावरच्या सुकलेल्या तोरणासारखा लटकत राहतो.

उल्लेखनीयता या शब्दाबद्दल थोडा राग सोडून बोलायला हवं. एखादी गोष्ट महत्त्वाची आहे की नाही, हे विकिपीडिया ठरवत नाही असं त्याचं म्हणणं आहे. तिच्याबद्दल तिच्याशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या कुणी सविस्तर लिहिलं आहे का, एवढंच तो विचारतो. गावांना यातून जवळपास माफी आहे. सरकारदरबारी नोंद असलेलं, वस्ती असलेलं गाव पानाला पात्रच धरलं जातं. वाडीला ती माफी नाही. आता कोकणात गाव म्हणजे काय, तर वाड्यांची मोळी. माणसं वाडीत राहतात, वाडीत भांडतात, देव वाडीचा असतो. गाव तलाठ्याच्या दप्तरात.

या माफीमुळे काय झालं आहे ते बघायचं तर मराठी विकिपीडियावर सिंधुदुर्गातलं कुठलंही लहान गाव उघडा. पहिली ओळ: अमुक हे महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तमुक तालुक्यातील एक गाव आहे. खाली मथळे: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. बऱ्याच पानांवर मथळ्यांखाली काहीच नसतं. असलंच तर पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो, ही बातमी. देवगड घ्या, वैभववाडी घ्या, तीच तऱ्हा. एकाच साच्यातून गणपतीचे पाट काढावेत तशी पानं काढली आहेत, मूर्ती कुणी बसवलीच नाही. अशी पानं सरसकट काढून टाकावीत असं काहींना वाटतं. मला वाटत नाही. रिकामा पाट निदान जागा दाखवतो. फक्त मथळे काढून एक ओळ तेवढी ठेवावी, कारण ‘लोकजीवन’ या शब्दाखाली पांढरी जागा बघून त्या गावच्या माणसाला काय वाटेल?

पाटावर बसवायची मूर्ती कुठून आणायची, ही खरी अडचण. आपल्याकडचं पुष्कळसं ज्ञान छापलेलंच नाही. रापणीचं जाळं कधी टाकायचं, पाण्याचा रंग कसा ओळखायचा, ओढणाऱ्यांत वाटे कसे पडतात, हे रापणकरांना तोंडपाठ आहे. दशावतारी नट रात्रभर संहितेशिवाय संवाद बोलतो. त्याचा हवाला कुठल्या पानावरचा देणार? विकिपीडियाच्या चाहत्यांनाही हे खुपलं. अचल प्रभाला यांनी २०११ मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेत याच प्रश्नावर प्रयोग केला. गावातल्या माणसांना विचारायचं, ध्वनिमुद्रण करायचं आणि तेच संदर्भ म्हणून जोडायचं. त्यावर एक माहितीपटही निघाला. नियम मात्र बदलला नाही. ऐकीव माहिती मान्य केली तर डिचोलीसारखी दहा युद्धं दारात उभी राहतील, ही भीती.

इथे मला हसू येतं. डिचोलीचं युद्ध ऐकीव नव्हतं. ते छापील हवाल्यांचा झगा घालून आलं आणि सगळी दारं उघडली. आमच्या वाडीतली पालखी खरी, पण तिच्या अंगावर तो झगा नाही, म्हणून ती उंबऱ्याबाहेर.

अर्थात मोठा झगा अचानक अंगावर पडतो तेव्हा दार लगेच उघडतं. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झालं. त्या विषयातलं नोबेल पुन्हा एका स्त्रीला मिळायला पंचावन्न वर्षं लागली होती. त्याच दिवशी पान तयार. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला आयुष्यभर जपली, गुरांच्या गोठ्यात तिचं संग्रहालय उभारलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर अशा माणसाच्या पानावर ‘उल्लेखनीयता?’ असं विचारायची कुणाची छाती होणार नाही. पण गोठ्यातल्या बाहुल्या आदल्या वर्षीही त्याच होत्या.

पान काढलं म्हणजे नेमकं काय होतं, हेही सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं तसं ते जळत नाही. विकिपीडियाच्या यंत्रणेत पानाच्या सगळ्या आवृत्त्या चालू कोष्टकातून उचलून जुन्या दप्तराच्या कोष्टकात नेऊन ठेवतात. वाचकाला ते दिसत नाही, प्रचालकाला दिसतं आणि परतही आणता येतं. पान काढल्याची नोंद कुणालाही वाचता येते. माझ्या मते या साऱ्या व्यवहारातली सर्वांत मोलाची वस्तू ही नोंदवहीच. दरवाजा कुणी, कधी आणि का बंद केला, ते दरवाजावरच लिहिलेलं असतं.

तो दरवाजा बाहेरून बंद झाला की काय होतं, ते आपल्या देशाने नुकतंच पाहिलं. एएनआय या वृत्तसंस्थेने विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्या दाव्याची हकीकत सांगणारं एक पान इंग्रजी विकिपीडियावर होतं. न्यायालयाच्या आदेशावरून ऑक्टोबर २०२४ मध्ये ते पान बंद झालं. ना सात दिवसांची चर्चा, ना स्वयंसेवकांचा कौल. तो आदेश सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्यापुढे गेला आणि ९ मे २०२५ रोजी रद्द झाला. महाराष्ट्रातही त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत संभाजीमहाराजांवरच्या इंग्रजी पानातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने फाउंडेशनला नोटीस धाडली होती. तो मजकूर कसाही असो. स्वयंसेवकाने खोडलं तर उलट विचारायला चर्चापान असतं, नोटिशीला चर्चापान नसतं.

डिचोलीचा लेख आज कुठे आहे? विकिपीडियाने आपल्या पदरी पडलेल्या लबाड्यांची एक यादी जपली आहे, आणि त्या यादीत तो अख्खा ठेवला आहे, हा बनावट आहे अशी पाटी लावून. चोराचा फोटो चौकीत लावतात तसा.

आणि देवबागचा मुलगा? कौलात देवळाचं पान गेलं, तेव्हा त्याने प्रचालकाला विनंती करून त्याचा मजकूर आपल्या धूळपाटीवर परत मागवला. नाराजी होतीच, पण वाचनालयात जाऊन बसला. १८८० साली निघालेलं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं इंग्रजी गॅझेटिअर त्याला मिळालं, त्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. जुन्या वर्तमानपत्रांत समुद्राने गिळलेल्या किनाऱ्याच्या बातम्या सापडल्या. देऊळ त्याने तूर्त बाजूला ठेवलं. लिहिलं ते देवबागवर: कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये ही वाळूची पट्टी कशी अडकली आहे, संगम कुठे, दरवर्षी उधाणाला बंधारा का लागतो. ‘लोकजीवन’ हा मथळा होताच, त्याखाली तीन ओळी भरल्या, तिन्हींना संदर्भ. पान टिकलं आहे. अजून एकानेही त्यावर साचा चिकटवलेला नाही. आईने विचारलं, यात आपल्या खोल्यांचं कुठे आहे? त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि आंगणात आलेल्या पाहुण्यांच्या बॅगा उचलायला गेला.